काच फुटली तर?

आमच्या घरातली सगळी मोठी भांडणं रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीवर होतात. हेही तसंच सुरू झालं. मी ए-फोर कागदावर काढलेलं स्केच टेबलावर ठेवलं. हॉलच्या भिंतीत बसवायचा फिशटँक! आठ फूट लांब, तीन फूट उंच, तीन फूट आत. बायकोनं स्केच पाहिलं, चहाचा एक घोट घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘काच फुटली तर?’’

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे काही फुटलं की रीस्टार्ट करतात. पण हॉलमध्ये सांडलेलं दोन हजार लिटर पाणी रीस्टार्ट होत नाही, हे मलाही कळत होतं. त्यामुळे मी ‘बघू या’ असं म्हणून पोहे संपवले. पुढचे सात महिने त्या एका प्रश्नाच्या मागे गेले.

आधी हे सांगायला हवं, की ही हौस आली कुठून. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शोकेसवर दोन फुटी टँक होता. त्यात गप्पी, एंजल आणि दर महिन्याला बदलणारं प्लॅस्टिकचं झाड. तो बाबांचा टँक. मी दुसरीत असताना त्यांनी मला मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. १९५१ साली सुरू झालेली ती वास्तू तोवर चांगलीच म्हातारी झाली होती. पण अंधाऱ्या दालनातल्या त्या उजळलेल्या खिडक्यांना मी असा नाक लावून उभा राहिलो, की शिपायानं दोनदा हटकलं. परतीच्या लोकलमध्ये बाबा म्हणाले होते, ‘‘आपलं मोठं घर झालं ना, की अख्खी भिंत करू.’’

मोठं घर झालं. तळेगावला रो-हाउस, वीस वर्षांचा ईएमआय. पण तोवर आई गेली, बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आणि इकडे येताना त्यांनी तो दोन फुटी टँक शेजारच्या मुलाला देऊन टाकला. आता ते दिवसभर आरामखुर्चीत बसतात. टीव्ही बंद असला तरी टीव्हीकडेच बघत बसतात. मला ती भिंत का हवी होती, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

तर मंडळी, पहिला धडा माशांचा नाही, काचेचाही नाही. तो जमिनीचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माझ्या स्केचमधला टँक मीटरमध्ये मांडला तर २.४ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे १९४४ लिटर. जवळजवळ दोन टन, त्यात रेती, दगड आणि टँकचं स्वतःचं वजन वेगळं. स्ट्रक्चरल इंजिनीअर असलेल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, ‘‘घरातल्या खोल्यांचा स्लॅब आयएस ८७५ या मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. तुझं पाणी एकटंच दर चौरस मीटरला नऊशे किलो भरतंय. फ्लॅटमध्ये राहत असतास तर फोन ठेवून दिला असता.’’

आम्ही तळमजल्यावर, खाली पार्किंग नाही, सरळ माती. म्हणून वाचलो. तरीही फरशी उखडून त्याखाली वेगळं काँक्रीटचं बूड घालावं लागलं. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि हा लेख वाचून स्केच काढायला बसलेल्या प्रत्येकानं पेन्सिल खाली ठेवावी आणि आधी इंजिनीअर गाठावा.

दुसरा निर्णय त्याच मित्राचा. चारही बाजूंनी काच हवीच कशाला? तळ आणि तीन बाजू आरसीसीच्या, आतून वॉटरप्रूफिंग आणि त्यावर माशांना चालेल असं इपॉक्सी कोटिंग, म्हणजे सिमेंटचा क्षार पाण्यात उतरणार नाही. काच फक्त समोर, खिडकीसारखी. जोखमीच्या चार काचांची एक काच झाली. शिवाय काच आतल्या बाजूनं चौकटीच्या ओठाला टेकवायची. मग पाणी काचेला बाहेर ढकलतं ते चौकटीवरच दाबतं. म्हणजे जे पाणी काच पाडायला बघतं, तेच तिला जागच्या जागी धरूनही ठेवतं.

आता त्या एका काचेचं गणित. इथे मी आयुष्यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत गमावली. मला वाटायचं, जितकं पाणी जास्त तितका काचेवर जोर जास्त. चूक! पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. काचेमागे एक फूट पाणी असो नाहीतर अरबी समुद्र, उंची तेवढीच असेल तर दाबही तेवढाच. आणि काचेवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गानं वाढतो. उंची दुप्पट, रेटा चौपट. माझ्या ९० सेंटिमीटर उंच आणि २.४ मीटर लांब काचेवर तो रेटा भरत होता साधारण ९७० किलो. म्हणजे एक छोटी मोटार काचेला खांदा लावून उभी, तीही रात्रंदिवस.

या ‘रात्रंदिवस’मध्येच खरी मेख आहे. काच थोडा वेळ बराच भार सोसते, पण कायमच्या भाराखाली तिच्यातल्या बारीक ओरखड्यांच्या भेगा हळूहळू वाढू शकतात. म्हणून टँकच्या हिशेबात काच जिथे तुटेल त्याच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढाच ताण तिच्यावर येऊ देतात. हौशी लोकांच्या हिशेबात ३.८ हा सुरक्षा गुणांक सर्रास वापरला जातो. त्या हिशेबानं, वरची कड मोकळी धरली, तर माझ्या स्केचला २१ मिलिमीटरहून जाड साधी काच हवी होती. बाजारात सहज मिळते ती १२, १५ आणि १९. झाली ना पंचाईत?

मग पर्याय सुरू झाले. टफन्ड घेऊ? ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत. पण मजबूत म्हणजे ताठ नव्हे. सारख्याच जाडीची टफन्ड काच साध्या काचेइतकीच वाकते. एकदा टफन केली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. आणि फुटलीच तर तडा जात नाही, अख्खी काच एका क्षणात खड्यांची रास होते. साधी काच निदान तडकून सूचना देण्याची शक्यता तरी असते. लॅमिनेटेड? ती फुटल्यावरही बरीचशी एकत्र राहते, हा मोठा फायदा. पण १२ आणि १२ चिकटवल्या म्हणजे २४ झाली, असा हिशेब करू नका. मधला थर मऊ असतो, कायमच्या भाराखाली दोन्ही काचा एकमेकींवरून किंचित सरकू बघतात.

आणि अॅक्रिलिक? जगातल्या मोठ्या मत्स्यालयांच्या खिडक्या त्याच्याच असतात. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात २००२ पासून २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड अशी खिडकी आहे, अॅक्रिलिकचे थर एकावर एक चिकटवून केलेली. अॅक्रिलिकचं वजन काचेच्या निम्म्याहून कमी, हिरवट झाक नाही, ते चटकन तडकत नाही. पण ते काचेपेक्षा वीसेक पट जास्त लवचीक. त्यामुळे पोट पुढे येऊ नये म्हणून जाडी वाढवावी लागते आणि जाडीबरोबर किंमत. तापमानानं ते काचेच्या सातआठ पट फुगतं-आकसतं, साधं सिलिकॉन त्याला नीट धरत नाही, आणि शेवाळ घासताना रेतीचा एक कण स्पंजमध्ये अडकला की ओरखडा पक्का. अर्थात तो पॉलिश करून काढता येतो. काचेवरचा काढणं महाकठीण.

नेमक्या याच वेळी बायकोनं मला एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. बर्लिनच्या हॉटेलातला ‘अॅक्वाडोम’. सुमारे १४ मीटर उंचीचा अॅक्रिलिकचा दंडगोल, दहा लाख लिटर पाणी, दीड हजारांच्या आसपास मासे. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तो फुटला आणि पाणी लॉबीतून थेट रस्त्यावर आलं. पहाट होती म्हणून दोघांच्या किरकोळ जखमांवर निभावलं. त्यानंतर तज्ज्ञांनी तुकडे जुळवून तपास केला, तरी ठाम असं एकच कारण सांगता आलं नाही. व्हिडिओखाली बायकोचा मेसेज होता : ‘काच नव्हती. तरी फुटलं.’

त्या रात्री मी स्केच जवळजवळ फाडलंच होतं. वाचवलं बाबांनी.

ते चष्मा लावून बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, ‘‘अरे, एवढा उंच कशाला? वरचं मला दिसणारच नाही. मी इथे खुर्चीत बसणार ना.’’

मी टेप आणली आणि त्यांच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. ११० सेंटिमीटर. टँकचा तळ ७५ वर ठेवला आणि पाणी ६० उंच धरलं, तर खिडकी येते ७५ ते १३५. बाबांची नजर थेट मधोमध. मग कॅलक्युलेटर घेतला. उंची ९० वरून ६० केली, पण लांबी वाढवून तीन मीटर केली आणि आतली रुंदी ९० ऐवजी १०५. पाणी किती? १८९० लिटर. म्हणजे जवळपास तेवढंच! आणि काचेवरचा रेटा? ९७० वरून ५४० किलो. काच तीन मीटर लांब होऊनसुद्धा! जमिनीवरचा भार दर चौरस मीटरला नऊशेवरून सहाशे. काचेची गरज १३ मिलिमीटरच्या आत आली. १५ चालली असती. बायकोचा प्रश्न आठवून आम्ही १९ घेतली.

माझी दोन महिन्यांची सगळी डोकेफोड एका वाक्यात मिटली. मोठा टँक म्हणजे उंच टँक, हे मीच गृहीत धरलं होतं. माशांनाही उंचीपेक्षा लांबी हवी असते, निदान आम्हाला हव्या असलेल्या ‘मिस केरळ’ला तरी. पश्चिम घाटातल्या नद्यांमधला हा लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा थव्यानं, सरळ रेषेत, बाणासारखा पोहतो. (निसर्गात तो धोक्यात आहे. घ्यायचाच तर पैदास केलेलाच घ्या.) शिवाय तळापर्यंत हात पोचायला हवा, हेही आहेच. साठ सेंटिमीटर पाण्यात माझा हात तळाला लागतो. नव्वदमध्ये स्वच्छता करायला आंघोळच करावी लागली असती.

आता खरेदी. शोभेच्या माशांसाठी कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलेल्या मला वाटलं होतं, टँकवालेच काच देतील. ते तीन-चार फुटांपर्यंत राजे. दहा फुटी काच म्हटल्यावर सगळ्यांनी इमारतींच्या दर्शनी काचा करणाऱ्यांकडे बोट दाखवलं. तीन ठिकाणी कोटेशनं घेतली. जो आधी ‘पाणी किती उंच?’ असं विचारेल तो खरा, हा माझा निकष. दोघांनी आधी ‘बजेट किती?’ विचारलं.

आणि तरीही फसलो. निकषात बसलेल्या त्या तिसऱ्याला मी चाळीस टक्के अॅडव्हान्स दिला. पाच आठवड्यांनी काच टेम्पोतून आली. शंभर किलोच्या आसपास वजन, सहा माणसं. उतरवताना मी कडेवरून बोट फिरवलं आणि खालच्या कोपऱ्यापाशी थांबलो. नखाएवढा टवका उडालेला.

‘‘साहेब, ते फ्रेममध्ये जाणार. दिसणारपण नाही,’’ टेम्पोबरोबर आलेला माणूस म्हणाला.

खरं होतं, दिसणार नव्हतं. पण काचेचा तडा बहुतेक कडेपासूनच सुरू होतो, आणि हा टवका खालच्या कडेला, जिथे दाब सगळ्यात जास्त. त्या क्षणी माझ्या डोक्यात दोन आकडे होते. एक अॅडव्हान्सचा आणि दुसरा आरामखुर्ची ते काच या अंतराचा. दोन मीटर. मी काच परत पाठवली. पुढे महिनाभर फोनाफोनी, ‘आमच्याकडून निघाली तेव्हा ठीक होती’ वगैरे. कारण डिलिव्हरीच्या अटी मी कागदावर घेतल्याच नव्हत्या. अर्धा अॅडव्हान्स बुडाला. ऑफिसात क्लायंटकडून प्रत्येक ईमेलवर ‘कन्फर्म्ड’ लिहून घेणारा मी!

दुसरी काच दुसऱ्याकडून घेतली, या वेळी सगळं लिहून. साधी, म्हणजे टफन न केलेली, कमी लोहाची ‘एक्स्ट्रा क्लिअर’. १९ मिलिमीटरच्या साध्या काचेतून लाल मासा हिरवट झाक घेऊन येतो, तो यात नाही. चारही कडा घासून पॉलिश केलेल्या. आणि काच येण्याआधी मी ती वाट मोजली. दारातून तीन मीटर लांब काच आत येऊन पॅसेजमध्ये वळणार नव्हती. म्हणून हॉलच्या मोठ्या खिडकीचं ग्रिल एक दिवस काढून ठेवलं. हे आधी सुचलं नसतं तर काच अंगणातच राहिली असती.

बसवण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते काम हौशी माणसाचं नाहीच. काँक्रीटची चौकट डोळ्यांना सरळ दिसते, काचेला नाही. एखादा उंचवटा राहिला तर सगळा ताण तिथेच. मिस्त्रींनी पाणसळ आणि पट्टी लावून ती दोन दिवस घासली, मग इपॉक्सीनं सपाट केली. काचेखाली रबरी ठोकळे, काँक्रीटला काच कुठेही टेकू द्यायची नाही, मध्ये सिलिकॉनची सलग जाड रेघ. मग थांबायचं. जाड सिलिकॉन आतपर्यंत वाळायला आठवडे लागतात. आम्ही चार आठवडे थांबलो.

भरण्याच्या दिवशी बायकोनं हॉलमधला गालिचा स्वतःहून गुंडाळून माळ्यावर टाकला. आधी तिसरा हिस्सा पाणी, दोन दिवस थांबलो. मग दोन तृतीयांश, पुन्हा दोन दिवस. चौकटीच्या खाली आम्ही वर्तमानपत्र अंथरलं होतं, ओल लगेच दिसावी म्हणून. पाणी पूर्ण भरलं त्या रात्री मी तीनदा उठून ते वर्तमानपत्र चाचपलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बायको आधीच तिथे उकिडवी बसलेली.

‘‘कोरडं आहे,’’ ती म्हणाली.

एक गंमत मात्र कोणीच सांगितली नव्हती. पाण्यातून प्रकाश बाहेर येताना वळतो, त्यामुळे समोरून बघताना टँक आहे त्याच्या पाऊणपटच खोल दिसतो. आमची १०५ सेंटिमीटरची रुंदी ऐंशीच्या आसपास वाटते. आणि बाजूनं तिरकं बघितलं की मासे ताणलेले, विचित्र दिसतात. म्हणून खुर्ची ठेवायची ती समोर. आमच्याकडे ती जागा कोणाची, हे ठरलेलंच होतं.

आता टँकला चार महिने झाले. सोळा मिस केरळ आहेत. बाबांनी त्यातल्या सात जणांना वेगळं ओळखायला सुरुवात केली आहे असा त्यांचा दावा आहे, मला तरी सगळे सारखेच दिसतात. परवा शेजारची छोटी आली आणि नाक काचेला लावून उभी राहिली. मी हटकणार, एवढ्यात बाबाच म्हणाले, ‘‘लाव गं, लाव. एकोणीस मिलिमीटर आहे.’’

काच फुटली तर? हा प्रश्न बायको आता विचारत नाही. मीच विचारतो, दर रविवारी, पोह्यांच्या आधी, कडांवरून टॉर्च फिरवताना. तो विचारत राहणं हाही देखभालीचाच भाग आहे.

ऑर्डर देण्याआधी

• पाण्याची उंची आधी ठरवा, लांबी नंतर. बसून बघणार असाल तर डोळ्यांची उंची बसूनच मोजा.

• जाडी दुकानदाराच्या अंदाजानं नको. इंजिनीअरकडून सुरक्षा गुणांकासह लिहून घ्या.

• काच साधी, टफन्ड की लॅमिनेटेड, हे बिलावर हवं. पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाच्या उजेडात बघा : टफन्ड काचेवर बहुधा ठिपके किंवा पट्टे दिसतात.

• अॅक्रिलिक घेत असाल तर ‘सेल-कास्ट’ आहे की ‘एक्स्ट्रूडेड’ ते विचारा. टँकला सेल-कास्टच बरं.

• कडेला टवका आढळला तर काच परत आणि पैसेही परत, ही अट अॅडव्हान्स देण्याआधी कागदावर.

• टेम्पो ते चौकट ही वाट टेपनं मोजा. वळणंसुद्धा.